वही कोणी उघडायची?

माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यामुळे लहानपणी आमच्या वाट्याला दोन लक्ष्मीपूजने येत. एक दुकानात आणि एक घरी. दुकानातले आटोपल्याखेरीज घरच्या लक्ष्मीपुढे नैवेद्याचे ताट जायचे नाही, असा दंडकच होता. आम्ही भावंडे नवे कपडे घालून आणि भुकेने कासावीस होऊन दुकानाच्या ओट्यावर बसत असू. आत गादीवर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर चौरंग आणि चौरंगावर लाल बांधणीची कोरी वही. वडील आपल्या वळणदार अक्षरात तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढीत. मालक हळदकुंकू वाहात, झेंडूचे फूल ठेवीत, आणि मग एकेकाने पुढे होऊन नमस्कार करायचा. तोलाईवाले येत, गाडीवान येत, सर्वांत शेवटी हमाल येत. वर्षभर पोती वाहून ज्यांची अंगे हळदीने पिवळी झालेली, ती माणसे त्या वहीपुढे देवापुढे वाकावे तशी वाकत, मालकांच्या हातून पोस्त घेत आणि लाह्याबत्तासे धोतराच्या सोग्यात बांधून निघून जात.

मी आठनऊ वर्षांचा असेन. त्या साली एक म्हातारा हमाल नमस्कार करून उठला, पण निघेना. वडिलांना म्हणाला, “दिवाणजी, ह्यात आमचं पान कुठलं वो?”

वडील म्हणाले, “अहो, ही नव्या सालाची वही. अजून कोरी आहे.”

“मग जुनीतलं दावा की.”

मालकांनी ते ऐकले. माणूस वाईट नव्हता. हसतच म्हणाला, “अरे बाबा, पूजेच्या दिवशी वही उघडत नसतात!” सगळे हसले, म्हाताराही हसला आणि गेला. घरी येताना मी वडिलांना विचारले, “अण्णा, त्यांचं पान आहे ना वहीत?” “आहे.” “मग दाखवलं का नाही?” अण्णा थोडा वेळ मुकाट्याने चालले. मग म्हणाले, “लिहिणारा मी असलो तरी वही माझी नाही रे.”

हे वाक्य माझ्या मनात वीस वर्षे पडून होते. ते एकदम उठून उभे राहिले ते १९७६ साली, आणि तेही युगोस्लाव्हियाच्या निमित्ताने. सांगलीच्या पेठेचा आणि त्या देशाचा काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. तोच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

मी तेव्हा पुण्याजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात टर्नर होतो. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठाणे नागपूरला पडले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या मंडळाचे वर्ग ठिकठिकाणी चालत. आमच्या भागात पाळी सुटल्यावर असा एक वर्ग भरे, आणि तेथे शिकवायला येणारे गृहस्थ इतिहासाचे मोठे शौकीन होते. एके दिवशी त्यांनी फळ्यावर नुसते ‘१९५०’ लिहिले आणि आम्हांला विचारले, “ह्या साली काय झाले?” आम्ही एका आवाजात म्हटले, “आपण प्रजासत्ताक झालो.” ते म्हणाले, “बरोबर. ह्या साली तुमच्या आईवडिलांच्या हाती राजा निवडण्याची सत्ता आली. आता सांगा, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाच्या आत काय बदलले?” आम्ही गप्प. मग ते म्हणाले, “त्याच साली एका देशाने हा प्रश्न खरोखरीच विचारला होता. उत्तर चुकले असेल. पण प्रश्न विचारला होता.”

त्या संध्याकाळपासून मी त्या देशाची गोष्ट जमेल तशी वाचत आलो. आज तो देश नकाशावर नाही. १९९१ पासून तो फुटत गेला आणि त्याचे सात तुकडे झाले. परंतु त्याने केलेला प्रयोग मात्र, माझ्या मते, प्रत्येक पगारदार माणसाने आणि प्रत्येक मालकानेही समजून घ्यावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढून युगोस्लाव्हियाने आपली मुक्तता बरीचशी स्वतःच्याच बळावर करून घेतली. मार्शल टिटो सत्तेवर आला आणि त्याने सोव्हिएट रशियाची सहीसही नक्कल सुरू केली. कारखाने सरकारी झाले, आणि बेलग्रेडला बसून सबंध देशाचे नियोजन सुरू झाले. खिळे किती, बूट किती, बटणे किती, सारे वरून ठरायचे. झाग्रेबचे अर्थशास्त्रज्ञ रुडोल्फ बिचानिच यांनी नोंदवून ठेवले आहे की त्या काळच्या एका वर्षाच्या योजनेच्या कागदांचे वजन दीड टनाच्या घरात भरत असे! कारखान्याच्या डायरेक्टरचे काम म्हणजे वरून आलेले आकडे खाली सांगायचे आणि खालचे आकडे, जरा बरे दिसतील असे करून, वर पाठवायचे. कामगाराच्या दृष्टीने मालक बदलला होता खरा. पण आधीचा मालक निदान गावात राहात होता, नवा राजधानीत राहू लागला, एवढाच काय तो फरक.

मग २८ जून १९४८ रोजी आभाळ कोसळले. स्टॅलिनने युगोस्लाव्ह पक्षाला कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून, म्हणजे कॉमिनफॉर्ममधून, हाकलून दिले. टिटो आपले ऐकत नाही, हा मूळ राग. पाठोपाठ पूर्व युरोपातल्या सगळ्या शेजाऱ्यांनी व्यापार तोडला. यंत्रे येईनात, कोळसा येईना, सरहद्दीवर सैन्याच्या हालचाली. ज्या दैवताची तसबीर काल भिंतीवर होती, ते आज अंगावर धावून आलेले! अशा वेळी त्या मंडळींना एका अवघड प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले: आम्ही रशियाचे नाही, भांडवलशाहीचेही नाही; मग आम्ही आहो तरी कोण?

त्या मंडळींपैकी एक, मिलोव्हान जिलास, याने पुढे ह्याची हकीकत लिहिली आहे. पुढे हाच जिलास टिटोशी भांडून तुरुंगात गेला, तेव्हा त्याला सत्तेची भाटगिरी करण्याचे काही कारण नव्हते. रशियाचे काय चुकले हे शोधण्यासाठी तो पुन्हा मार्क्स वाचू लागला होता. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आले की उत्पादन करणाऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन कारभार करावा, असे मूळ ग्रंथात आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी तो करावा असे नाही. बाहेर पाऊस पडत होता. त्याच्या घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीत एदुआर्द कार्देल्य आणि बोरिस किद्रिच यांच्यासमवेत बसून त्याने ही कल्पना मांडली. किद्रिच हा अर्थकारभार पाहणारा. त्याला ही पाचसहा वर्षांनंतरची गोष्ट वाटली. पण थोड्याच दिवसांनी त्याचाच टेलिफोन आला की हे आत्ताच करू या. मग प्रकरण टिटोपुढे गेले. आपले कामगार अजून एवढे तयार नाहीत, असे तो आधी म्हणाला. मग येरझारा घालू लागला, आणि जगात अजून कोणी न केलेली गोष्ट आपल्याला करायला मिळते आहे हे ध्यानात येताच त्याचा चेहरा उजळला.

मला ह्या हकीकतीतली एक गोष्ट फार बोलकी वाटते. कामगारांच्या हाती कारभार द्यावा, असे तीन माणसांनी एका मोटारीत बसून ठरवले. त्या मोटारीत कामगार नव्हता. परंतु हा दोष काढण्याआधी आपण हेही कबूल करावे की जगातल्या पुष्कळ मोटारींतून पुष्कळ माणसांनी ह्याच्या नेमके उलटे ठरवलेले आहे.

डिसेंबर १९४९ मध्ये दोनशे पंधरा मोठ्या कारखान्यांत कामगार मंडळे निवडण्याचा हुकूम सुटला. पहिला मान मिळाला तो एड्रिॲटिक समुद्राच्या काठी, स्प्लिट शहराजवळ, सोलिन येथल्या सिमेंटच्या कारखान्याला. २९ डिसेंबर १९४९ ला तेथे पहिले मंडळ निवडले गेले. जागाही कशी पाहा! सोलिन म्हणजे जुने सालोना. रोमचा सम्राट डायोक्लेशियन ह्याच मुलखातला, आणि सिंहासन सोडल्यावर म्हातारपणी येऊन राहिला तोही येथेच. इसवी सन ३०१ मध्ये ह्या सम्राटाने सबंध साम्राज्यात कोणता जिन्नस कमाल किती भावाने विकावा आणि कोणत्या कारागिराला कमाल किती मजुरी द्यावी, ह्याची भलीमोठी यादी दगडांवर कोरून लावली होती. ती फसली. सगळा कारभार एका जागी बसून चालवू पाहणाऱ्या त्या सम्राटाच्या गावीच, साडेसोळाशे वर्षांनी, सिमेंटने माखलेल्या माणसांना विचारण्यात आले की तुमचा कारखाना कसा चालवावा असे तुम्हांला वाटते?

जून १९५० अखेर बेलग्रेडच्या लोकसभेत टिटोने स्वतः कायदा मांडला. ‘कारखाने कामगारांना’ ही त्याची घोषणा. कायदा असा: प्रत्येक कारखान्यात गुप्त मतदानाने पंधरा ते एकशेवीस जणांचे कामगार मंडळ निवडायचे. कारखाना तीस माणसांहून लहान असला तर सगळेच मंडळ. ह्या मंडळाने आपल्यातून तीन ते अकरा जणांची कार्यकारी समिती निवडायची. तिच्यातले तीनचतुर्थांश सभासद प्रत्यक्ष उत्पादनात काम करणारे हवेत, आणि एकाच माणसाने लागोपाठ दोनांहून अधिक वर्षे तेथे बसायचे नाही. डायरेक्टर हा ह्या समितीचा एक सभासद. वर्षाची योजना, ताळेबंद, नियम, नफ्याची वाटणी, हे सारे मंडळापुढे यायला हवे. कारखाना कामगारांचाही नाही आणि सरकारचाही नाही, तो समाजाचा. कामगार त्याचे विश्वस्त, अशी ही मांडणी होती.

प्रारंभीच्या वर्षांत ह्या प्रयोगाने खरोखर चमत्कार केले. कालपरवापर्यंत मेंढरे राखणारी, नुकतीच अक्षरओळख झालेली माणसे टेबलाभोवती बसून नवे यंत्र घ्यावे की कामगारांसाठी घरे बांधावीत, ह्यावर रात्र रात्र वाद घालू लागली. सभेत उठून डायरेक्टरला खडसावणे, ही पूर्व युरोपात इतरत्र तुरुंगाची वाट होती. येथे तो नियमाने दिलेला हक्क होता. सहलीची घरे समुद्राकाठी उभी राहिली. देशाचे उद्योग झपाट्याने वाढले. जगभरचे अभ्यासक नोंदवह्या घेऊन येऊ लागले, आणि त्यांत आपलेही लोक होते, ते पुढे सांगतो.

आता दुसरी बाजू. झाग्रेबचे समाजशास्त्रज्ञ योसिप झुपानोव आणि त्यांच्यासारख्या इतरांनी पुढे कारखान्याकारखान्यांत जाऊन एक साधा प्रश्न विचारला: “तुमच्या येथे कोणाचा शब्द किती चालतो?” कायद्याप्रमाणे उत्तर यायला हवे होते: आधी कामगार मंडळाचा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी वरचा नंबर डायरेक्टरचा आणि त्याच्याभोवतीच्या तज्ज्ञांचा लागे. साधा कामगार तळाशी. हे का व्हावे? कोणी मते पळवली म्हणून नव्हे. ताळेबंद मंडळापुढे येई, पण तो तयार केलेला असे हिशेबनिसांनी, समजावून सांगे डायरेक्टर, आणि सायंकाळी पाळीवरून थकून आलेला मोल्डर त्या आकड्यांकडे पाहून शेजाऱ्याचा हात वर जातो का ते बघे. वही उघडली होती; वाचणारे तेच जुने होते.

आणि वाचता येऊनही पुरत नसे. जानेवारी १९५८ मध्ये स्लोव्हेनियातल्या त्रबोव्हल्ये येथील कोळशाच्या खाणीत संप झाला. कल्पना करा, वाचकहो! कामगारच विश्वस्त, कामगारच कारभारी, मग संप कोणाविरुद्ध? बेलग्रेडची पुढारी मंडळी अक्षरशः गोंधळून गेली. पण खाणकामगारांना आपले दुखणे नीट ठाऊक होते. खाण त्यांनी चालवायची, पण कोळशाचा भाव ठरवायचा सरकारने. म्हणजे वहीतली सारी पाने त्यांच्या हाती, मात्र जमेचा रकाना परस्पर दुसरीकडून भरून यायचा. ज्याच्या हाती भाव त्याच्या हाती कारभार, हे पेठेतल्या कोणत्याही पोराला कळते. ते तेथल्या तत्त्ववेत्त्यांना कळायला संप व्हावा लागला.

१९६५ साली मोठी आर्थिक सुधारणा झाली. बाजाराला मोकळीक मिळाली, आणि कर्ज देणाऱ्या बँकांचा शब्द भारी झाला. कारखान्यांतल्या जागा कमी पडल्या आणि लक्षावधी तरुण जर्मनीची वाट धरू लागले. ह्यावर उपाय म्हणून पुढाऱ्यांनी काय करावे? त्यांनी आणखी कायदे केले. १९७४ च्या राज्यघटनेत चारशे सहा कलमे होती. १९७६ चा सहकामगारीचा कायदा सहाशे एकाहत्तर कलमांचा! कारखान्याचे बारीक बारीक घटक पाडले, प्रत्येक घटकाचे मंडळ वेगळे, प्रत्येकाचे करार वेगळे. शब्द असे जडजंबाल की पदवीधरालाही कोश उघडून बसावे लागावे. दीड टनाच्या योजनेतून सुटायला जो देश निघाला होता, तो असा फिरून कागदाच्याच डोंगराशी आला. वही बंद ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तिला कुलूप लावणे. दुसरा म्हणजे ती इतकी जाड करणे की कोणी उचलूच नये.

ह्याचा शेवट दुःखद झाला. १९८७ साली बोस्नियातल्या ‘अग्रोकोमेर्त्स’ ह्या मोठ्या उद्योगाने पाठीशी पैसा नसताना प्रचंड रकमांच्या हुंड्या काढल्या होत्या, हे उघडकीस आले. प्रत्येक ताळेबंद कामगारांपुढे ठेवायचा असा कायदा असलेल्या देशात हे घडले. दोनएक वर्षांत नवे कायदे आले आणि कामगार मंडळांची सद्दी संपली. महागाई तर आकाशाला भिडली. पाठोपाठ देशच फुटला, आणि ज्यांनी रात्र रात्र घरांच्या योजनांवर वाद घातले होते, त्यांची मुले एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. त्या यादवीचा दोष कारखान्याच्या कारभारपद्धतीवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण कारखान्यात मत मिळालेल्या कामगाराला देशात दुसऱ्या पक्षाला मत देण्याची सोय कधीच नव्हती, ही गोष्ट विसरूनही चालणार नाही.

म्हणजे पाहा, आपल्याकडे नेमके उलटे. आपल्या कामगाराला देशाचे सरकार बदलण्याचे मत होते. फाटकाच्या आत मात्र नव्हते.

आपल्या राज्यकर्त्यांना हे दिसत नव्हते असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर व अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी वर्क्स कमिट्यांची तरतूद केली होती. टिटो १९५४ च्या डिसेंबरात भारतात आला. पंडित नेहरूंशी त्याचे मैत्र जमले. १९५६ च्या औद्योगिक धोरणात कामगारांना कारभारात हळूहळू सामील करून घेण्याची भाषा आली. त्यासाठी सरकारने एक अभ्यासमंडळ युरोपात धाडले. ते इंग्लंड, स्वीडन, फ्रान्स, बेल्जियम, पश्चिम जर्मनी पाहून युगोस्लाव्हियातही गेले. त्याच्या अहवालावर जुलै १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत चर्चा झाली, आणि १९५८ पासून काही थोड्या कारखान्यांत संयुक्त व्यवस्थापन मंडळे निघाली. ती बहुतेक ठिकाणी कँटीन आणि गणवेश ह्यांपलीकडे गेली नाहीत. पुढे आणीबाणीत, ३० ऑक्टोबर १९७५ रोजी, पाचशे व अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी नवी योजना आली. प्रत्येक विभागाला एक शॉप कौन्सिल, वर एक संयुक्त कौन्सिल. अध्यक्ष व्यवस्थापनाचा, उपाध्यक्ष कामगारांचा. आणि निर्णय मतदानाने नव्हे, एकमताने.

आमच्या शॉपच्या कौन्सिलवर मी निवडून गेलो. वर्गातली युगोस्लाव्हियाची गोष्ट डोक्यात ताजी होती. छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करतो. पहिल्या तीन बैठका पंखे, मोऱ्या आणि चहाचा कप किती मोठा असावा ह्यांवर गेल्या. चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी एक टंकलिखित कागद पुढे केला. मागणी घटली आहे, तिसरी पाळी परवडत नाही, ती बंद करण्याला कौन्सिलची संमती आहे, असा मजकूर होता. मी म्हटले, “साहेब, ऑर्डरी किती आहेत ते पाहायला मिळेल का?” ते अगदी सौजन्याने म्हणाले, “तो विषय ह्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवा.” मी शेजाऱ्याकडे पाहिले. त्याने सही केली. मग मीही केली.

तिसऱ्या पाळीत अठरा बदली कामगार होते. त्यांना पुढच्या महिन्यापासून बोलावणे गेले नाही. फाटकावर लावलेल्या सूचनेत खाली लिहिले होते: कामगार प्रतिनिधींच्या संमतीने. काही महिन्यांनी ऑर्डरी वाढल्या आणि आम्हांला जादा वेळ थांबून काम करावे लागले. त्या वेळी मागणी खरोखर घटली होती की नव्हती, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आणि तेच तर माझे दुखणे आहे. मला कोणी फसवले असे मी म्हणू शकत नाही, कारण मी पाहिलेच नव्हते. मी मत दिले. वही न उघडता दिले. अण्णांना निदान वहीत काय आहे ते ठाऊक होते!

हे सगळे असे निराशेचेच आहे काय? नाही. फळ्यावरच्या त्या १९५० सालाचा आणखी एक अर्थ आमच्या मास्तरांनी शेवटच्या दिवशी सांगितला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, लोणीजवळ, शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. स्वराज्य आले, आता साखरही आपणच का करू नये, हा प्रश्न तेथल्या शेतकऱ्यांनी कोणत्याही मार्शलच्या हुकमावाचून विचारला. विठ्ठलराव विखे पाटील शाळा फारशी न शिकलेले. पण गावोगाव हिंडून शेतकऱ्यांच्या गाठीचे पैसे भागभांडवलात आणण्याची पत त्यांच्यापाशी होती. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्षपदी गाडगीळ बसले आणि उपाध्यक्ष विखे पाटील. एकाला वही येत होती, दुसऱ्याला माणसे. पुढे अध्यक्षपद विखे पाटलांकडे आले.

युगोस्लाव्हियाला जे साधले नाही ते येथे निदान आरंभी का साधले, ह्याचे कारण मला साधे वाटते. उसाचा भाव वहीतून निघत होता. साखर किती निघाली, कितीला गेली, खर्च काय, ह्यावरच शेतकऱ्याच्या टनाचे पैसे ठरायचे. तेव्हा शेतकऱ्याला वही वाचण्याची गरज होती, आणि गाडगिळांसारखा माणूस ती समजावून देण्यासाठी बसलेला होता, लपवण्यासाठी नव्हे. पुढे सहकारात घराणी आली, वार्षिक सभा टाळ्यांच्या गजरात पाच मिनिटांत उरकू लागल्या, ही कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. आणि एक गोष्ट तर पहिल्या दिवसापासून राहून गेली. पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन फडात उतरणारा ऊसतोडणी कामगार त्या कारखान्याचा सभासद कधीच नव्हता. त्याचे पान वहीत होते, उचल म्हणून, नावे टाकलेले. सांगलीच्या पेठेतल्या म्हाताऱ्याचा प्रश्न तेथेही कोणीतरी विचारायला हवा होता.

तात्पर्य काढण्याची मला हौस नाही. पण एवढे मात्र पटले आहे. राज्य बदलले म्हणजे माणसाच्या मनात नवे प्रश्न जागे होतात, आणि धंद्याचा कारभारही निराळा असू शकेल, असे धैर्याचे विचार सुचतात. ते धैर्य फार मोलाचे. नाहीतर सालोनाच्या सिमेंटवाल्यांना कोणी कधी विचारले असते? पण हातात मत देऊन काम संपत नाही, तेथे सुरू होते. मत एका दिवसाचे असते. वही रोजची असते. ती उघडी हवी, वाचता येईल एवढी सोपी हवी, आणि तिच्यातला एकही रकाना दुसऱ्याच्या घरी भरलेला नसावा.

दहाबारा वर्षांपूर्वी मिरज स्टेशनवर गाडीची वाट पाहात बसलो असता एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. केस पांढरे, हातात नातवाचे दप्तर. त्यांनी मला ओळखले. ते त्या अठरांपैकी होते. पुण्याहून परत येऊन त्यांनी गावी सायकलदुरुस्तीचे दुकान टाकले होते, बरे चालले होते. रागाने नव्हे, सहज म्हणून, त्यांनी विचारले, “भाऊ, सही केली तेव्हा कागद वाचला होता का?”

मी म्हटले, “कागद वाचला होता. वही पाहिली नव्हती.”

ते मान हलवून म्हणाले, “मागायची होती.” एवढ्यात त्यांची गाडी लागली.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या एका लहानशा पतपेढीचा हिशेब विनामूल्य पाहतो. सभासद बहुतेक हमाल, भाजीवाल्या, रिक्षावाले. हिशेब आता संगणकात असतो; पण लक्ष्मीपूजनाला आम्ही एक लाल वही आणतोच, कारण संगणकाला हळदकुंकू वाहिलेले कोणाच्या मनाला येत नाही. नव्या वहीची पूजा झाली की मी जुन्या सालाची वही उघडतो आणि ज्याला हवे त्याला त्याचे पान दाखवतो. पहिल्या वर्षी कोणी पुढे आले नाही. पूजेच्या दिवशी वही उघडत नसतात, असे एक भाजीवाली बाई मलाच सांगू लागली! मी म्हटले, “बाई, आजच उघडायची.” गेल्या दिवाळीला तिने स्वतःचे पान मागितले, बोटाने एकेक रक्कम जुळवली, आणि व्याजात माझी अकरा रुपयांची चूक काढून दिली.